थांबायला कोणाला परवडतं?

कॉफी पिकवणाऱ्याला कमी पैसे का मिळतात हे शिकवायला मागच्या शनिवारी मुलांसमोर लाल मण्यांची पिशवी ओतली आणि म्हटलं, प्रत्येकाने ३० मणी मोजून घ्या. तेरा ते सोळा वयाची मुलं आहेत, त्यामुळे पहिली पाच मिनिटं मणी एकमेकांच्या कानामागे मारण्यात गेली, ते असो. मोजून झाल्यावर सांगितलं की आत्ता तुमच्या मुठीत एक कप कॉफी आहे. कॉफीचं फळ याहून थोडं मोठं असतं, पिकलं की असंच लाल होतं, आत बहुतेक वेळा दोन बिया. म्हणजे ३० फळांच्या ६० बिया, भाजून ८ ग्रॅमच्या आसपास भरतात, त्यात एक बेताचा कप होतो. (बेथोव्हेन म्हणे कपाला मोजून ६० बिया घ्यायचा, त्याच्या सेक्रेटरीने तसं लिहून ठेवलंय. खरंखोटं तो सेक्रेटरी जाणे, पण मुलांना हा किस्सा मण्यांपेक्षा जास्त आवडतो.)

मग एकीने विचारलं, हे सगळं हाताने तोडतात? ब्राझीलच्या सपाट मोठ्या मळ्यांवर मशीन फिरतं, पण डोंगरउतारावर बहुतेक सगळं हातानेच, कारण एकाच फांदीवर हिरवं, पिवळं, लाल सगळं शेजारी शेजारी असतं आणि फक्त लाल तेवढं खुडायचं, बाकीच्यासाठी परत यायचं, परत परत यायचं. एक झाड वर्षाला धरून चाला दोनेक पौंड कच्ची बी देतं, म्हणजे ९०० ग्रॅम, म्हणजे साधारण ९० कप. रोज एक कप पिणाऱ्याला वर्षाला चार झाडं लागतात. हे फळ्यावर मांडल्यावर एक जण लगेच म्हणाला, म्हणजे आमच्या बाबांची बारा झाडं! मला हे वाक्य फार आवडलं. आधीच्या माझ्या कुठल्याच सेशनमध्ये कोणी असं काही बोललं नव्हतं.

कारण आधी मी हे सगळं चुकीचं शिकवायचे.

म्हणजे माहिती चुकीची नव्हती. पद्धत चुकीची होती. फोटो दाखवायचे, पाठीवर टोपली घेतलेली बाई, सुरकुतलेले हात, अनवाणी पोरं, मग एक चकाचक कॅफेचा फोटो, आणि मग विचारायचे की कसं वाटतंय. कसं वाटणार? वाईट वाटायचं. एक मुलगा तर चक्क रडला होता, आणि मला मनातल्या मनात बरं वाटलं होतं की चला, पोचलं. दोन आठवड्यांनी त्याच मुलांना विचारलं की कॉफी पिकवणाऱ्याला कमी पैसे का मिळतात, तर उत्तर आलं "कारण ते गरीब असतात". म्हणजे मी एवढा घाम गाळून त्यांना कारण आणि परिणाम उलटे करून शिकवले होते. दया आली की डोकं चालायचं थांबतं असं माझं मत झालंय, निदान त्या वयात तरी, आणि खरं सांगायचं तर माझ्या वयातही.

तर फोटो गेले कपाटात आणि आम्ही हिशोबाला बसलो.

हिशोबाला आधी दोन गोष्टी माहीत लागतात. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाचा जगाचा भाव न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात (पुढे द्यायच्या मालाचे सौदे आधीच होतात तिथे) ठरतो, सेंट प्रति पौंड, आणि रोबस्टाचा लंडनला, डॉलर प्रति टन. होंडुरासचा डोंगर असो नाहीतर इथिओपियाचा, अरेबिका विकायला निघाली की बोलणं सुरू होतं न्यूयॉर्कच्या आकड्यापासून, त्यात चार सेंट वर नाहीतर चार सेंट खाली. आणि त्या बाजारात खऱ्या पोत्यांपेक्षा कागदी सौदे कितीतरी जास्त होतात, त्यामुळे आकडा हलायला कॉफीचंच काही व्हायला पाहिजे असंही नाही. दुसरी गोष्ट वजनाची. भाजताना बीचं वजन १५ ते २० टक्के घटतं, म्हणजे ८ ग्रॅम भाजलेल्या कॉफीला साधारण १० ग्रॅम कच्ची बी. एका पौंडात ४५३ ग्रॅम, म्हणजे ४५ कप. आता करा भागाकार.

२००१ च्या शेवटी भाव ५० सेंटच्याही खाली गेला होता. ५० भागिले ४५, कपाला एक सेंट आणि वर थोडं. फेअरट्रेड (शेतकऱ्यांच्या मालाला किमान भावाची हमी देणारा पाकिटावरचा शिक्का) याचा किमान भाव, पाण्यात धुऊन तयार केलेल्या अरेबिकाचा, ऑगस्ट २०२३ पासून १.८० डॉलर, म्हणजे कपाला चार सेंट. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कचा भाव इतिहासात पहिल्यांदा चार डॉलरच्या पुढे गेला, सगळीकडे बातम्या की कॉफी महागली आता कसं होणार, त्या सगळ्या महागाईत कपातल्या बीची किंमत होती नऊ सेंट. समजा कप चार डॉलरला विकला, तर राहिलेले पैसे कुठे गेले? मुलांनी स्वतःच यादी केली: दूध, साखर, कप, भाडं, पगार, वीज, मशीन, जाहिरात, टॅक्स, नफा. मी मुद्दाम म्हटलं की यातला एकही खर्च खोटा नाहीये, कॅफेवाला काही चोर नाही, त्याचंही भाडं थकलेलं असू शकतं. हे म्हणणं गरजेचं आहे कारण मुलांना व्हिलन फार पटकन सापडतो आणि एकदा सापडला की मग ती पुढे बघत नाहीत.

इथे माझी फजिती झाली ती पण सांगते. मी फळ्यावर लिहिलं होतं "शेतकऱ्याला ४ सेंट". मागच्या बाकावरून एकीने विचारलं, ताई हे पैसे कुठे मोजून देतात, शेतात की बंदरावर? मी गप्प. कारण उत्तर आहे बंदरावर. १.८० हा जहाजात माल चढवतानाचा भाव आहे आणि तो सहकारी संस्थेला मिळतो, शेतकऱ्याच्या हातात नाही. त्यातून फळाचा गर काढायचा खर्च, वाळवणं, टरफल काढणं, पोती, ट्रक, संस्थेचं ऑफिस, बँकेचं व्याज हे सगळं वजा झाल्यावर उरेल ते घरी. किती उरेल ते देशागणिक आणि संस्थेगणिक वेगळं. मी कित्येक महिने बिनधास्त हे चार सेंट शेतकऱ्याच्या खिशात घालत होते. फळ्यावरचं पुसलं आणि लिहिलं "बंदरावर ४ सेंट". ती मुलगी पुढे अजून एकदा येणार आहे या गोष्टीत.

हिशोबातून "किती" कळतं, "का" कळत नाही. त्यासाठी खेळ.

खेळ मीच बनवलाय, दिसायला अगदी साधा. बारा मुलं शेतकरी. दोघं मधले, म्हणजे दारावर येऊन माल उचलणारे. (मध्य अमेरिकेत अशा माणसाला सरळ कोयोटे म्हणतात, तो कोल्ह्यासारखा प्राणी असतो ना तोच. नाव कोणी ठेवलं असेल ते सांगायला नको.) एक निर्यातदार, एक भाजणारा, एक कॅफेवाली. शेतकऱ्यांना मण्यांच्या पुड्या आणि एकेक कार्ड, कार्डावर उचल लिहिलेली, म्हणजे खत आणि रोपांसाठी आधीच घेतलेलं कर्ज. कोणाच्या कार्डावर कमी, कोणाच्या जास्त, जगात असतं तसं. आणि नियम दोनच. पहिला, न्यूयॉर्कचा भाव दाराबाहेरच्या फळ्यावर लिहिलेला आहे आणि बाहेर जायची परवानगी फक्त मधल्यांना. दुसरा, आठ मिनिटांनी घंटा वाजेल आणि ज्या शेतकऱ्याच्या हातात लाल मणी राहिले असतील ते मी काढून घेईन आणि काळे देईन, काळ्याला किंमत शून्य.

दुसरा नियम मी खुन्नस म्हणून घातलेला नाही. तोडलेलं फळ त्याच दिवशी गर काढून प्रक्रियेला घ्यावं लागतं, ठेवलं की आंबायला लागतं, आणि मग त्या कॉफीला कोणी विचारत नाही. पण तीच बी एकदा नीट वाळली की महिनोनमहिने राहते, कोठारात पडून राहिली तरी चालते. म्हणजे शेतकऱ्याकडे काही तास असतात आणि त्याच्याकडून घेणाऱ्याकडे काही महिने. मला या सगळ्या प्रकरणात शिकवण्यासारखं जर एकच काहीतरी आहे असं वाटत असेल तर ते हेच.

पहिला डाव. बाहेर भाव लिहिला होता १८०. मधल्यांपैकी एक जण होता तोच, दोन वर्षांपूर्वी फोटो बघून रडलेला. आता मिसरूड फुटलंय, आवाज फुटलाय. तो बाहेर जाऊन भाव बघून आला आणि आत येऊन काय म्हणाला? "ब्राझीलला पीक जोरात आलंय, भाव पडलाय, ६० देतो." हे मी त्याला शिकवलं नव्हतं! शेतकऱ्यांनी आरडाओरडा केला, आम्हाला फळा बघायचाय, तो म्हणाला नियम नाही. मग तो खुर्चीवर बसला. नुसता बसला, पाय पसरून. घड्याळाकडे बघत. सहाव्या मिनिटाला पहिली पुडी ५० ला गेली, सातव्याला रांग लागली, शेवटच्या अर्ध्या मिनिटात ३० ला माल गेला आणि तो "पुढच्या वेळी लवकर या" असं म्हणाला, ते मी विसरणार नाही.

डाव संपल्यावर त्याला विचारलं, का रे असं केलंस. मला वाटलं होतं ओशाळेल. तो वैतागून म्हणाला, मग काय करू, मी १०० दिले असते तर तिने (म्हणजे दुसऱ्या मधलीने) ५० ला घेतला असता आणि निर्यातदाराने तिच्याकडूनच घेतला असता, मी बसलो असतो हात चोळत. निर्यातदार म्हणाला, मला भाजणाऱ्याने कमी सांगितले. भाजणारा म्हणाला, कॅफेवाली भाव वाढवू देत नाही. कॅफेवाली म्हणाली, मी भाव वाढवला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाईल. आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही गिऱ्हाईक मीच. एवढ्या वर्षांत वर्गात इतकी चांगली शांतता मी ऐकली नव्हती.

तेव्हा "फेअर" या शब्दावर आलो. एकाला वाटत होतं फेअर म्हणजे गोरा, त्यावरून हसून झालं. मी म्हटलं मराठीत "रास्त" आहे की, तर म्हणे जुना वाटतो. "न्याय्य" कोणाला नीट म्हणता येईना. शेवटी एक जण म्हणाला "ज्याच्यात दोघांना नाही म्हणता येतं ते". माझ्याकडे याहून चांगली व्याख्या नाहीये, वहीत लिहून घेतली.

दुसऱ्या डावाआधी शेतकऱ्यांनी विचारलं, आम्ही एकत्र आलो तर चालेल का? नियमात मनाई नाही म्हटलं. लगेच कोपऱ्यात घोळका, बाराही जणांनी शपथा घेतल्या की १०० च्या खाली कोणी द्यायचं नाही. सहा मिनिटं टिकले हो! मधले घामाघूम. आणि मग खिडकीपाशी एकाने हळूच ७० ला पुडी सरकवली, कोणीतरी बघितलं, "फितूर! फितूर!" असा जो गलका झाला, आणि एका मिनिटात भाव ४० वर. फितूर झालेल्याला सगळे खायला उठले तेव्हा त्याने आपलं कार्ड पुढे केलं. त्याच्यावर उचल सगळ्यात जास्त होती. थांबणं त्याला परवडत नव्हतं, एवढंच.

मी मुलांना सांगितलं की तुम्ही आत्ता १५ मिनिटांत जे केलंत ते जगाने २७ वर्षं लावून केलंय. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करार झाला. त्यातली गंमत अशी की विकणारे देश तर होतेच, पण विकत घेणाऱ्या देशांनीही सही केली होती, अमेरिकेनेसुद्धा. अमेरिकेला काही अचानक पान्हा फुटला नव्हता. १९५९ मध्ये क्युबात क्रांती झाली होती आणि लॅटिन अमेरिकेतला शेतकरी भुकेला राहिला तर तोही कम्युनिस्टांकडेच जाईल ही भीती होती. तर प्रत्येक देशाने किती कॉफी विकायची याचा कोटा ठरला, भाव पडला की कोटा आवळायचा, चढला की सैल सोडायचा, आणि १९८० च्या दशकात १२० ते १४० सेंटच्या पट्ट्यात भाव राखायचा प्रयत्न असायचा. आदर्श वगैरे नव्हतं ते, कोट्यावरून भांडणं, कराराबाहेरच्या देशांना चोरून स्वस्तात विकणं, सगळं चालायचं. जुलै १९८९ मध्ये बोलणी फिसकटली आणि कोटे गेले. तोवर शीतयुद्धही संपत आलं होतं, मग अमेरिकेला पहिल्यासारखी निकड कुठली राहणार. सगळ्यांनी एकदम कोठारं मोकळी केली आणि काही महिन्यांत भाव निम्म्यावर. पुढच्या दहा वर्षांत व्हिएतनाम जवळजवळ कुठेच नव्हता तो जगात दुसऱ्या नंबरवर आला, कॉफीचा पूर आला, आणि मग ते २००१ चं ५० सेंटच्या खालचं वर्ष. फळं झाडावरच सडू दिली लोकांनी, कारण तोडायची मजुरीसुद्धा सुटत नव्हती. आणि झाड उपटून दुसरं लावा म्हणावं तर कॉफीचं नवं झाड फळ धरायलाच तीन-चार वर्षं घेतं. परत तेच, थांबायचं कशावर?

तिसऱ्या डावात मी एक नवीन कार्ड ठेवलं. "गर काढायचं मशीन आणि वाळवायची जागा". एकट्याला परवडणार नाही इतकं महाग, पण पाच जणांनी वर्गणी काढली तर येतं, आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांचे मणी घंटेला काळे होत नाहीत. बाकी मी काहीच बोलले नाही. पाच जणांनी घेतलं. घंटा वाजली, ते नुसते बसून राहिले. पाय पसरून! मधला आला, ६० म्हणाला, त्यांनी मान हलवली. ९० म्हणाला, मान हलवली. तो फळा बघून आला म्हणाला १३०, आणि त्याच्याच चेहऱ्यावर मला पहिल्यांदा घाम दिसला कारण निर्यातदार त्याच्या मागे लागला होता.

मग थोडं मेक्सिकोतल्या ओआहाकाबद्दल सांगितलं. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांची उसिरी नावाची सहकारी संस्था, त्यांच्यात राहणारा फ्रान्स व्हॅन डर हॉफ हा डच पाद्री, आणि नेदरलँड्समधल्या सॉलिडारिदाद संस्थेचा निको रोझेन, यांच्यातून १९८८ मध्ये मॅक्स हॅवेलार हे लेबल निघालं, आजच्या सगळ्या फेअरट्रेड शिक्क्यांचं मूळ ते. नाव आलं १८६० च्या एका डच कादंबरीच्या नायकावरून, ज्यात जावामध्ये डच लोक शेतकऱ्यांकडून जबरदस्तीने कॉफी पिकवून घ्यायचे त्याची लक्तरं काढली होती. मुळात मागणी मदतीची नव्हती, भावाची होती. शिक्का म्हणजे काय तर भावाला खाली एक फरशी, बाजार त्याच्या वर असेल तर बाजारभाव, आणि वर पौंडाला २० सेंट सामायिक निधी, ज्याचं काय करायचं ते संस्थेचे सभासद मतदानाने ठरवतात.

मुलांना शिक्का सापडला की त्यांना वाटतं प्रश्न सुटला. आता फक्त शिक्क्याचं पाकीट घ्यायचं की झालं. मला हे तोडायला जिवावर येतं पण तोडते. फरशी २०११ ते २०२३ पर्यंत १.४० डॉलरवरच होती, बारा वर्षं, खत आणि मजुरी काही बारा वर्षं थांबली नव्हती. शिवाय संस्थेकडे सर्टिफिकेट असलं तरी तिचा सगळा माल शिक्क्याने विकला जातोच असं नाही, घेणारेच पुरेसे नसतात, मग उरलेला साध्या बाजारात. आणि बाजार चार डॉलरवर गेला की फरशी पार तळघरात. तरी मी म्हणेन की शिक्का असलेला बरा, नसण्यापेक्षा. पण खरेदी करून माणूस चांगला होतो हे मला पोरांच्या डोक्यात घालायचं नाहीये. एकाने विचारलंच, मग कॉफी पिणंच बंद करायचं का? त्याने कोणाचं भलं होणार आहे रे, गिऱ्हाईक घटलं तर भाव अजून पडेल.

बंदरवाली मुलगी या सगळ्या वेळात गप्प होती. तिने विचारलं, ताई तुमच्या खेळात तोडणारे कुठेत? मी म्हटलं शेतकरीच तोडतात. ती म्हणाली, सगळेच? आणि झालं, माझी दुसऱ्यांदा दांडी गुल. जगातल्या सव्वा कोटीच्या आसपास कॉफीच्या शेतांपैकी बहुतेक पाच हेक्टरच्या आतली, घरचीच माणसं राबतात हे खरं, पण हंगामात बाहेरून माणसं लागतातच, भूमिहीन, टोपलीमागे पैसे, आणि काही देशांत त्यांच्याबरोबर त्यांची पोरंही. भाव चार डॉलर झाला म्हणून टोपलीचा दर आपोआप वाढतो असं कुठे लिहिलंय? माझ्या खेळात शेतकरी हा सगळ्यात खालचा होता. त्याच्याखाली कोणी असेल हे मी सोयीने सोडून दिलं होतं.

इथिओपियाची गोष्ट मात्र सगळ्यांना आवडली, कारण त्यात शेतकऱ्यांची बाजू हुशारीने खेळली गेली. सिदामो, हरार, यिर्गाचेफे ही तिथल्या भागांची नावं, पाकिटावर ती असली की कॉफी जास्त भावाने जाते, पण नावाचे पैसे इथिओपियाला मिळत नव्हते. २००५ मध्ये इथिओपिया सरकारने अमेरिकेत ही नावं ट्रेडमार्क म्हणून मागितली, तिथल्या कॉफी व्यावसायिकांच्या संघटनेने हरकत घेतली, स्टारबक्सशी बराच वाद झाला, ऑक्सफॅम या गरिबीविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेने मोहीम चालवली आणि जून २००७ मध्ये समझोता झाला, नावं इथिओपियाची हे मान्य झालं. याने शेतकरी मालामाल झाले असं नाही. पण मुलांच्या लक्षात आलं की कॉफीत बी सोडून पण विकण्यासारखं बरंच काही असतं. जर्मनीत मळे नाहीत, तरी भाजलेली कॉफी बाहेर विकणाऱ्या मोठ्या देशांमध्ये ती आहे, हे सांगितल्यावर एक जण म्हणाला "म्हणजे खरी शेती भट्टीत आहे".

शेवटचा अर्धा तास वादावादी. प्रश्न मी खराखुरा दिला. जुलै २०२१ मध्ये ब्राझीलला कडक हिमतुषार पडले, झाडं करपली, न्यूयॉर्कचा भाव वर गेला. त्याआधी कोलंबियातल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी जुन्या, खालच्या भावाने माल द्यायचं कबूल केलं होतं. भाव चढल्यावर त्यातल्या अनेकांनी ठरलेला माल दिलाच नाही, बाहेर जास्त भावाने विकला, आणि त्यांच्या स्वतःच्याच सहकारी संस्था अडचणीत आल्या कारण त्यांनी पुढे शब्द दिला होता. हे फेअर की अनफेअर?

वर्ग बरोबर मधोमध फाटला. शब्द म्हणजे शब्द, असं म्हणणाऱ्यांचा पुढारी कोण असेल? पाय पसरून बसणारा आमचा मधला. आणि विरुद्ध बाजूला तो फितूर झालेला. तो म्हणाला, भाव पडले असते तर घेणाऱ्याने मालात खोट काढली असतीच ना. मधला म्हणाला, काढली असती म्हणून आधीच तू मोडणार? तिसरी म्हणाली की नुकसान झालं कोणाचं, मोठ्या कंपनीचं की संस्थेचं, आणि संस्था म्हणजे तर तेच शेतकरी. मला कोणीतरी विचारलं ताई तुमचं मत सांगा, मी सांगितलं की माझं मत दर वेळी हा प्रश्न दिला की बदलतं, जे खरंच आहे. पळवाट वाटली त्यांना. असू दे.

निघताना मणी गोळा केले. पुढच्या वेळी तोडणाऱ्यांची चार कार्डं वाढवायची आहेत, त्यांना मणी द्यायचेच नाहीत, नुसत्या रिकाम्या टोपल्या द्यायच्या. बंदरवालीला सांगितलंय नियम तूच लिहून आण, मला आता माझ्यावर भरवसा नाही. घरी येऊन पिशवी मोजली तर बावीस मणी कमी. एक कपसुद्धा होत नाही तेवढ्यात, पण कपाटाखाली बघायला पाहिजे.